टेलिप्रेझेन्स रोबोटची चाचणी घेताय? या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात आमचा टेलिप्रेझेन्स रोबोट तीन आठवडे मुक्कामी होता. खाली चाकं, वर उभा दांडा, दांड्यावर टॅबलेट, आणि टॅबलेटवर पुण्यात बसून तो चालवणाऱ्या मुलाचा चेहरा. घरात त्या मुलाची आई, म्हणजे आमच्या आजी, एकट्याच. पहिल्याच दिवशी आम्ही प्रश्नावली भरून घेतली आणि आजींनी सगळ्या विधानांना पाचपैकी पाच देऊन टाकले. नवव्या दिवशी मी सहज चक्कर टाकली, तर रोबोट कोपऱ्यात उभा आणि त्याच्यावर टॉवेल टाकलेला. विचारलं तर म्हणाल्या, "दुपारी डोळा लागते जी माझा. हा कधीही जागा होते अन् पाहत राहते. मंग झाकून टाकला."

अहवाल लिहिताना तो टॉवेल मी पहिल्या पानावर घेतला आणि पाचपैकी पाच गुण मागच्या पानांत टाकले.

गेली काही वर्षं मी नागपुरात अशा यंत्रांच्या चाचण्या करते आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, दवाखान्यासाठी रोबोट घ्यावा का म्हणून डॉक्टर विचारतात, एखादा तरुण स्वतः बनवलेलं मॉडेल दाखवायला आणतो. यंत्रं वेगवेगळी, चुका मात्र बहुतेक वेळा त्याच. मला हा विषय जिव्हाळ्याचा आहे. नागपूरच्या किती घरांत आईवडील इथे आणि मुलं पुणे, बंगळुरू नाहीतर परदेशात. गडचिरोलीच्या पेशंटला इथल्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, यायचं तर दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास. अशा ठिकाणी हे यंत्र खरंच कामाचं ठरू शकतं. पण वरवरच्या चाचणीवर विसंबून ते विकत घेतलं की सहा महिन्यांत धूळ खात पडतं, आणि मग "आपल्याकडे हे चालत नाही" असा शिक्का बसतो. तो शिक्का पुसायला फार कष्ट पडतात.

फक्त चालवणाऱ्यालाच विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९८० मध्ये 'टेलिप्रेझेन्स' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दूर बसून काम करणारा माणूस होता. इथे बसून तिथलं यंत्र हाताळायचं आणि आपण तिथेच आहोत असं वाटायला हवं, ही मूळ कल्पना. शब्दच चालवणाऱ्याच्या बाजूने जन्मला, आणि चाचण्याही अजून त्याच बाजूने होतात. लॅपटॉपसमोर बसलेल्याला विचारलं जातं: चालवायला सोपं गेलं का? कॅमेऱ्यातून नीट दिसलं का? पुन्हा वापराल का? रोबोट ज्याच्या घरात फिरला, ज्याच्या कॉटशी येऊन उभा राहिला, त्याला कुणी विचारत नाही.

प्रत्यक्षात या यंत्राचे वापरणारे तिघे असतात. एक चालवणारा. दुसरा समोरचा, ज्याच्याशी बोलायला तो आला आहे. आणि तिसरा आजूबाजूचा, ज्याचा या बोलण्याशी काही संबंध नाही पण यंत्र त्याच्या वाटेत येतं. हा तिसरा नेहमी सुटतो. एका दवाखान्याच्या जनरल वॉर्डात आम्ही चाचणी घेत होतो. डॉक्टर खूश, पेशंटही खूश. पण शेजारच्या कॉटवरच्या बाई रोबोट आला की प्रत्येक वेळी तोंड भिंतीकडे करून चादर ओढून घेत होत्या. त्यांच्या अंगावर कॅमेरा रोखलेला आहे की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. सिस्टरला दर फेरीला सलाइनचा स्टँड बाजूला करावा लागत होता. आमच्या प्रश्नावलीत या दोघींसाठी एकही ओळ नव्हती.

२०११ मध्ये मिन क्युंग ली आणि लीला ताकायामा यांनी कार्यालयांत रोज वापरल्या जाणाऱ्या अशा रोबोटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक मुद्दा मी कायम लक्षात ठेवते: सोबत काम करणाऱ्यांपैकी काही जण रोबोटला माणूस समजून वागत होते, तर काही जण वस्तू समजून, आणि दोन बाजूंचे समज जुळले नाहीत की खटके उडत होते. चालवणाऱ्याला वाटतं हे माझं शरीर आहे. समोरच्याला वाटतं ही हलवून ठेवायची वस्तू आहे. ही तफावत एकाच टोकाला विचारून कधीच कळणार नाही.

म्हणून तिघांसाठी तीन वेगळे कागद करा. चालवणाऱ्याला श्रमांबद्दल विचारा. त्यासाठी नासाचा टास्क लोड इंडेक्स चांगला आहे. मानसिक ताण, शारीरिक ताण, वेळेची घाई, कामगिरी, मेहनत आणि वैताग असे त्याचे सहा भाग आहेत, आणि प्रत्येक काम संपल्याबरोबर तो भरून घ्यायचा असतो. दिवसाच्या शेवटी आठवून भरला तर त्याचा उपयोग नाही. समोरच्याला विचारा: तो केव्हा येतोय हे कळलं का? नको असताना नाही म्हणता आलं का? बोलताना त्याचं लक्ष तुमच्याकडे आहे असं वाटलं का? आजूबाजूच्याला दोनच प्रश्न पुरतात: तुम्ही कॅमेऱ्यात दिसत होता असं वाटलं का, आणि तुमच्या कामात खोळंबा झाला का?

आमच्या आजींच्या बाबतीत आम्ही नेमकं इथेच चुकलो होतो. त्यांना आम्ही 'सिस्टिम युझेबिलिटी स्केल' ही यंत्र वापरायला किती सोपं आहे ते मोजणारी प्रश्नावली दिली होती. ती यंत्र हाताळणाऱ्यासाठी असते. आजी यंत्र हाताळतच नव्हत्या, यंत्र त्यांच्याकडे येत होतं.

भाषांतर केलेली प्रश्नावली जशीच्या तशी वापरणं

या स्केलबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण प्रोजेक्टच्या दहापैकी आठ वह्यांत मला तीच दिसते. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकाआड एक विधान उलटं: एक स्तुतीचं, एक तक्रारीचं. विषम क्रमांकाच्या विधानाच्या गुणांतून एक वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण पाचातून वजा करायचे, सगळ्याची बेरीज करून अडीचने गुणायचं. उत्तर शून्य ते शंभरच्या मध्ये येतं. ते टक्के नसतात, हे विसरू नका. ढोबळ सरासरी ६८ मानतात, त्यामुळे ७० आले म्हणजे डिस्टिंक्शन नव्हे.

आता एक हिशेब करून पाहा. आजींसारखं कुणी सगळ्यांना पाच दिले तर विषम विधानांचे प्रत्येकी चार, सम विधानांचे शून्य. बेरीज वीस, गुणिले अडीच म्हणजे ५०. सगळ्यांना तीन दिले तरी ५०. सगळ्यांना एक दिला तरीही ५०. न वाचता सरळ रेघ ओढणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर ५० येतं. तुमच्या तक्त्यात ५० ची रांग दिसली तर यंत्र मध्यम आहे असा निष्कर्ष काढू नका. मूळ कागद काढून बघा.

माणसं सरळ रेघ का ओढतात? एक कारण सौजन्य. घरी आलेल्या पाहुण्याच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही आपली रीत. त्यातून ज्याने यंत्र बनवलं तोच पोरगा समोर बसून विचारतोय म्हटल्यावर कोण तक्रार करेल? मुलाखत घेणारा बनवणाऱ्यांपैकी नसावा, आणि त्याने ते सुरुवातीलाच सांगावं. दुसरं कारण भाषा. "मला ही प्रणाली अनावश्यकरीत्या गुंतागुंतीची वाटली" हे वाक्य मी इतवारीतल्या एका काकूंना वाचून दाखवलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हाव, गुंतली होती नं वायरमध्ये." त्यांचं काही चुकलं नव्हतं. रोबोटचं चाक खरंच कूलरच्या वायरीत अडकलं होतं.

वाक्यं आधी पाच-सहा जणांना वाचून दाखवा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. मग बदला. "हे यंत्र उगाच किचकट आहे" हे कुणालाही कळतं. मराठीतून परत इंग्रजीत भाषांतर दुसऱ्याच माणसाकडून करून घ्या आणि मूळ विधानाशी ताडून पाहा. अर्थ जास्त सरकला असेल तर त्या गुणांची ६८ शी तुलना करायची नाही. आपल्याच दोन मॉडेलांची एकमेकांशी करायची, ती चालते.

आणि गुणांपेक्षा मला एक साधी मोजणी जास्त भरवशाची वाटते. दहा मिनिटांच्या बोलण्यात "हॅलो, आवाज येतोय का?", "काय म्हणालास?", "थांब, तू अडकलास" ही वाक्यं किती वेळा आली ते मोजा. त्याला भाषांतर लागत नाही आणि त्यात सौजन्यही आड येत नाही.

लॅबच्या कॉरिडॉरमध्ये चाचणी घेऊन घराबद्दल बोलणं

कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये गुळगुळीत फरशी असते, रुंदी भरपूर असते, वायफाय डोक्यावर असतं आणि ऐकू यायला अडथळा नसतो. तिथे खुर्च्या मांडून आठाच्या आकड्यात रोबोट फिरवला, वेळ लावली, किती वेळा धडकला ते मोजलं की झाली चाचणी. याने स्टिअरिंग कळतं. भेट झाली की नाही हे कळत नाही.

नागपूरच्या घरात पहिली अडचण उंबरठ्याची. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या घरांत लाकडी किंवा दगडी उंबरठा चांगला बोटभर उंच असतो, कधी त्याहून जास्त. लहान चाकांचा रोबोट तिथेच थांबतो. आजींच्या घरी तो बैठकीपुरताच राहिला, आणि आजींचा सारा दिवस जातो स्वयंपाकघरात. म्हणजे मुलाला आईला भेटायचं तर आईनेच उठून बाहेर यायचं. मग आम्ही फळीचा उतार करून लावला आणि सगळं सुरळीत झालं. पण तो उतार यंत्राचा भाग म्हणून अहवालात यायला हवा. चाचणीपुरतं काही जोडलं आणि लिहायचं राहिलं की पुढे विकत घेणाऱ्याची फसगत होते.

दुसरी अडचण आवाजाची, आणि तिच्याबद्दल मी प्रत्येकाला बजावते: मे महिन्यात चाचणी घ्या. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा इथल्या घरात दिवसभर कूलर चालू असतो, आणि कूलरशेजारी आपणही एकमेकांशी ओरडूनच बोलतो. व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये एकसुरी घरघर दाबून टाकायची सोय असते, पण त्या घरघरीबरोबर हळू बोलणाऱ्याचा आवाजही कापला जातो. वीस वर्षांच्या मुलाचा आवाज पलीकडे पोचतो, ऐंशी वर्षांच्या बाईचा पोचत नाही. डिसेंबरात केलेल्या चाचणीत हे दिसणारच नाही. मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप घेऊन आजी बसतात तिथे, त्यांच्या कानाच्या उंचीवर, कूलर बंद आणि चालू असे दोन्ही आकडे टिपा. अॅपचा आकडा अचूक नसला तरी दोन्हींमधला फरक कळतो.

उलट बाजूही आहे. चालवणाऱ्याला आपला आवाज तिकडे किती मोठा येतोय ते कळत नाही. कूलरसाठी वाढवलेला आवाज रात्री तसाच राहतो आणि शांत घरात एकदम खणखणतो. आवाज कमी करायचं बटण समोरच्याच्या हाताला लागतं का, हे तपासायच्या यादीत घाला.

तिसरी अडचण उंची. बाजारातल्या 'डबल' या रोबोटचा दांडा साधारण १२० ते १५० सेंमीपर्यंत खालीवर होतो. उभ्या किंवा खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते ठीक. पण कॉटवर झोपलेल्या पेशंटचे डोळे गुडघ्यापेक्षा थोडे वर असतात. त्याला हा रोबोट डोक्याशी येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. आणि बाजेवर बसून बोलणाऱ्या आजीला मान वर करून बोलावं लागतं. आमच्या आजी तर रोबोट आला की पदर सारखा करून उभ्याच राहायच्या. मी ते आदराचं समजत होते. चौथ्या दिवशी कळलं की बसलं की मुलाचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून त्या उभ्या राहतात. त्यांचे गुडघे दुखतात. ही गोष्ट त्यांनी कुठल्याच प्रश्नाच्या उत्तरात सांगितली नाही, मी शेजारी बसून होते म्हणून कळली.

दोन माणसांमधल्या अंतराबद्दल मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांचे आकडे सगळेच वापरतात: ४५ सेंमी ते १.२ मीटर जवळच्यांचं अंतर, त्यापुढे ३.६ मीटरपर्यंत कामाचं. ते अमेरिकन लोकांना बघून काढलेले आहेत. आपल्या जनरल वॉर्डात दोन कॉटांमधल्या फटीत कामाच्या अंतरावर उभं राहायला जागाच नसते. तिथे रोबोट किती जवळ आला यापेक्षा तो कुठल्या बाजूने आला आणि येताना थांबून विचारलं का, हे जास्त बोलकं असतं.

नेटवर्कचा दोष यंत्राला आणि यंत्राचा दोष माणसाला लावणं

"काकांना चालवायला जमलं नाही." हे वाक्य अहवालात दिसलं की मी पहिल्यांदा विलंब, म्हणजे इकडचं चित्र आणि आवाज तिकडे पोचायला लागणारा वेळ, किती होता ते विचारते. बहुतेकदा मोजलेलाच नसतो.

बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. त्याहून वाढला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. चालवताना याचा परिणाम आणखी वाईट. १९६० च्या दशकापासूनच्या दूरनियंत्रणाच्या प्रयोगांत दिसलं आहे की विलंब असला की माणूस थोडं हलवतो, थांबून काय झालं ते बघतो, मग पुन्हा थोडं हलवतो. तुमचे काका असंच करत असतील तर ते गोंधळलेले नाहीत. विलंबापुढे शहाणा माणूस तेच करतो.

विलंब मोजायची घरगुती पद्धत सांगते, पैसा लागत नाही. रोबोटच्या कॅमेऱ्यासमोर एका मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून धरा. पुण्यात बसलेल्याला त्याचा वेबकॅम त्याच्याच स्क्रीनकडे वळवायला सांगा, म्हणजे ते स्टॉपवॉच रोबोटच्या टॅबलेटवर परत दिसायला लागेल. आता दुसऱ्या मोबाइलने खरं स्टॉपवॉच आणि टॅबलेटवरचं स्टॉपवॉच एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जाऊन येण्याचा विलंब. त्याचा निम्मा म्हणजे ढोबळमानाने एका बाजूचा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊच्या सुमाराला, असे किमान तीनदा मोजा. चालवणाऱ्याला शेजारच्या खोलीत बसवून केलेली चाचणी या बाबतीत बाद समजा. पुण्याहून येणारा सिग्नल शेजारच्या खोलीतून येणाऱ्यासारखा कधीच नसतो.

दवाखान्यात आणखी एक गोष्ट होते. रोबोट एका वायफाय पॉइंटच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना चित्र काही सेकंद गोठतं. नेमका तो वळणावर असला तर धडकतो. धडक झाली की वेळ आणि जागा दोन्ही लिहा. नकाशावर खुणा केल्या की एकाच वळणावर खुणांचा पुंजका दिसेल, आणि मग दुरुस्ती स्टिअरिंगची करायची नाही हे आपोआप कळेल.

मागे मदतनीस उभा करणं

सुरक्षिततेसाठी माणूस ठेवा, जिना जवळ असेल तर ठेवलाच पाहिजे. पण तो काय करतो याची नोंद हवी. मी पाहिलेल्या एका चाचणीत सगळी कामं "यशस्वी" होती. व्हिडिओ बघितला तर मागून चालणारा मुलगा दार उघडत होता, पायपुसणं सरकवत होता, "सर, थोडं डावीकडे" असं सांगत होता. रोबोटला दार वाजवता येत नाही, लिफ्टचं बटण दाबता येत नाही. ती मदत रोजच्या वापरात कोण करणार? मदतनीसाने तोंड बंद ठेवावं, आणि हात लावावा लागला तर त्या कामापुढे 'मदतीने' असं लिहावं.

पहिल्या आठवड्याच्या कौतुकावर विश्वास ठेवणं

रोबोट आला की पहिले चार दिवस गल्लीतली पोरं जमतात, शेजारी फोटो काढतात, सगळे हसतात. हे कौतुक खरं असतं, पण ते नव्या वस्तूचं असतं. दुसऱ्या आठवड्यात वापर किती वेळा झाला, कुणी सुरू केला, किती मिनिटांत संपला, हे बघा. तीन आठवड्यांपेक्षा कमी काळाच्या चाचणीवरून 'लोकांना आवडतं' असं मी तरी लिहीत नाही.

मोबाइलशी तुलनाच न करणं

रोबोट आवडला, ठीक. पण तेच बोलणं तिपाईवर ठेवलेल्या मोबाइलवर झालं असतं तर? हा प्रश्न विचारायला माणसं घाबरतात, कारण बऱ्याचदा मोबाइल जिंकतो. जिंकू द्या. रोबोटची खरी जागा तेव्हाच सापडते. आम्हाला असं दिसलं की समोरासमोर बसून बोलायचं असेल तर फरक फारसा पडत नाही. फरक पडतो तो माणूस हिंडता असतो तेव्हा: आई ओट्यापाशी, मग देवघरात, मग अंगणात. किंवा वर्गात, जिथे बोलणारा बदलत राहतो आणि बघणाऱ्याला स्वतः मान वळवायची असते. तुलना करताना निम्म्या घरांत आधी रोबोट द्या, निम्म्यांत आधी मोबाइल. नाहीतर दुसरा येणारा नेहमी सरावामुळे बरा वाटतो.

इथेच आणखी एक गृहीतक तपासा: चेहरा दिसायलाच हवा हे. नॉर्वेतल्या 'एव्ही वन' या रोबोटमध्ये आजारी मुलाला वर्ग दिसतो, वर्गाला मुलाचा चेहरा दिसत नाही. मुद्दामच तसं केलं आहे. टोकियोतल्या एका कॅफेत 'ओरिहिमे' नावाचे रोबोट अंथरुणाला खिळलेली माणसं घरून चालवतात, आणि तिथेही चेहऱ्याशिवाय गप्पा होतात. नागपुरात कर्करोगाच्या उपचारांसाठी विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून लेकरं येतात, महिनोन्‌महिने शाळेपासून लांब राहतात. केस गेलेल्या मुलीला वर्ग बघायचा असेल, पण वर्गाने आपल्याला बघू नये असंही वाटत असेल. चाचणीत तिला तो पर्याय देऊन विचारा. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती घ्यावी असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही म्हटलं आहे. पण सहीचा कागद झाला म्हणून मुलाला विचारायचं राहून जाऊ नये.

निकाल चमत्कारिक आले तर

गुण चांगले पण वापर शून्य: मुलाखत कुणी घेतली ते बघा, मग घरात जाऊन यंत्र कुठे ठेवलंय ते बघा. झाकलेलं, भिंतीकडे तोंड केलेलं किंवा ज्याचं चार्जिंग उतरूनही कुणी लावलेलं नाही असं यंत्र खूप काही सांगतं.

चालवणारे सगळे पटाईत निघाले: ते कोण होते? कॉलेजची व्हिडिओ गेम खेळणारी मुलं असतील तर त्यांच्या आकड्यांवरून साठीच्या शिक्षिकेबद्दल काही म्हणता येत नाही. गेम खेळण्याची सवय ही माहिती पहिल्याच पानावर विचारा.

वेळ कमी लागायला लागला आणि धडका वाढल्या: शिकलेत म्हणून खूश होऊ नका, धीट झालेत. समोरच्यांना विचारा, ते वाटेतून बाजूला व्हायला शिकलेत का?

पाचच माणसं घेतली आणि सरासरी काढली: वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचा 'पाच माणसांवर चाचणी पुरते' हा सल्ला अडचणी शोधण्यासाठी होता, गुण मोजण्यासाठी नव्हे. शिवाय इथे वापरणारे तीन प्रकारचे. पाच चालवणारे म्हणजे चाचणीचा तिसरा हिस्सा झाला.

आजींच्या घरी आम्ही शेवटी एवढंच केलं: मुलाने कॉल लावला की रोबोट जागा न होता फक्त घंटी वाजवेल, आणि आजींनी टॅबलेटवर हात ठेवला तरच कॅमेरा उघडेल. दांडा कमी उंचीचा बसवला, म्हणजे त्यांना बाजेवर बसून बोलता येईल. शेवटच्या आठवड्यात मुलाने अकरा वेळा घंटी वाजवली. सात वेळा आजींनी उघडलं, चार वेळा नाही. नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याने ते चार 'अयशस्वी कॉल' या रकान्यात टाकले होते. मी त्याला शेजारी नवा रकाना आखायला लावला, 'आजींनी नाही म्हटलं', आणि ते चारही तिथे घेतले. टॉवेल तेव्हा दोरीवर वाळत होता.